मावशींचं देणं

माझ्या अंगात आज जो काही जोर आहे, त्यातला निम्मा तरी मावशींचा आहे. नातेवाइकांत आणि गल्लीत याचं सगळं श्रेय इंजेक्शनला जातं, म्हणून हे लिहून ठेवते आहे. इंजेक्शनाचं काम मी नाकारत नाही. त्यानं वजन उतरवलं, साखर ताळ्यावर आणली, रक्तदाबाची एक गोळी कमी झाली. पण वजन उतरता उतरता अंगातलं जे जायला नको होतं तेही जायला लागलं, आणि ते जातंय हे ओळखलं मावशींनी. डॉक्टरांच्या आधी, माझ्या आधी, आणि पुण्यात बसून माझ्या वजनाचा तक्ता ठेवणाऱ्या माझ्या मुलाच्याही आधी.

मावशी आमच्याकडे धुणंभांडी करतात. वयानं माझ्याहून पाचसहा वर्षांनी लहानच, पण अंबाजोगाईतली आमची अख्खी गल्ली त्यांना मावशी म्हणते, म्हणून मीही म्हणते. त्या मला बाई म्हणतात. मी धारूर आणि केज तालुक्यांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. त्यांच्या गावच्या शाळेतही मी होते, पण त्या काळात आमची ओळख होण्याचं कारण नव्हतं. दिवाळी झाली की त्या गावाला नसायच्याच. दिवाळीनंतर शाळा उघडली की माझा निम्मा वर्ग रिकामा असायचा. पोरं आईबापाबरोबर गाडीत बसून ऊसतोडीला साखर कारखान्यावर गेलेली. मागे राहिलेल्यांसाठी हंगामी वसतिगृह चाले, आजीच्या भरवशावर एकदोन पोरं राहत, आणि बाकीची गुढीपाडव्याच्या आसपास उन्हानं काळवंडून परत येत. बीड जिल्ह्यात मास्तरकी केलेल्या माणसाला हे नवं नाही.

तर इंजेक्शन. मधुमेह जुना, गुडघे कुरकुरणारे, वजन 84 किलो. मार्च 2025 मध्ये टिर्झेपेटाइड हे औषध मौंजारो या नावानं भारतात आलं. मुलानं पुण्यातल्या डॉक्टरांना दाखवलं आणि एप्रिलपासून आठवड्याला एक सुई सुरू झाली. जेवल्यावर आपल्या आतड्यातून जे संदेश मेंदूकडे जातात, त्यांची नक्कल हे औषध करतं. पोट सावकाश रिकामं होतं, आणि मेंदूला वाटतं की आताच तर जेवलो. माझ्या बाबतीत दुसऱ्या-तिसऱ्या सुईनंतर भूक म्हणून जी काही चीज असते ती नाहीशीच झाली. ताटाकडे बघितलं की पुरे वाटायचं. सकाळी चहाबरोबर दोन बिस्किटं, दुपारी अर्धी भाकरी, रात्री ताक-भात, तोही चार घास. भात जायचा, कारण तो मऊ. वरण नको वाटायचं, उसळीच्या वासानं मळमळायचं.

मे महिन्यातल्या लग्नांत माझं जे कौतुक झालं, तेवढं मला आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हाही झालं नव्हतं. झंपर आत घेतले, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. फक्त धाकट्या दिरांना ते पटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लष्करात असताना जाडावला होता, त्यानं तीन महिन्यांत वीस किलो वजन पळून उतरवलं आणि 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचं रौप्यपदक आणलं. तुम्हाला सुया कशाला हव्यात वहिनी? साबळे तेव्हा विशीत होता आणि मी साठीच्या उंबरठ्यावर, एवढा फरक दिरांच्या हिशेबात नव्हता. पण त्या बोलण्यात एक गोष्ट खरी होती, ती मला फार उशिरा दिसली. त्याचं वजन उतरत होतं तेव्हा त्याचे पाय राबत होते. माझं उतरत होतं तेव्हा मी खुर्चीत होते.

सप्टेंबरात, घटस्थापनेच्या आधी, आमच्याकडे घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवून निघतं. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसानं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. नद्या शेतांत शिरल्या, सोयाबीन उभ्या उभ्या कुजलं. धुणं कसलं काढता! मधेच एक दिवस ऊन पडलं तसं मावशींनी सकाळीच गोधड्या भिजवल्या. भिजलेली गोधडी एकट्या बाईला पिळवत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची, एकीनं उजवीकडं, दुसरीनं डावीकडं पीळ द्यायचा, आणि गोधडी दोरखंडासारखी ताणून धरायची, की मधून पाण्याची धार लागते. हे आम्ही दरवर्षी करतो. त्या दिवशी माझ्या हातातलं टोक सुटलं. पुन्हा धरलं, पुन्हा सुटलं. मावशींनी आपल्याकडचा पीळ तसाच धरून ठेवला आणि माझ्या हातांकडे बघत राहिल्या.

"बाई, तुमच्याकडून पीळ सुटायलाय."

म्हटलं, "हात ओले आहेत."

"माझे बी ओलेच हायेत की ओ."

मी हसून म्हटलं, तेरा किलो वजन उतरलंय मावशी, चरबी गेली सगळी.

"चरबी जाऊ द्या. पन चरबीनं पीळ बसत न्हाई बाई. तुमच्या आंगातून दुसरंच काई तरी गेलंय."

मग त्यांनी जे जे त्यांच्या लक्षात आलं होतं ते एका दमात सांगून टाकलं. पाटावरून उठताना मी हल्ली भिंत धरते. कुकरचं झाकण उघडायला त्यांना हाक मारते. पाण्याची कळशी अर्धी भरते. मुकुंदराजाच्या समाधीला गेलो होतो तेव्हा परतीच्या चढाला मी दोनदा बसले. हे सगळं मला ठाऊक होतं, पण सुटं सुटं. एकापुढे एक मांडलेलं पहिल्यांदाच ऐकलं. माझ्या तक्त्यात फक्त किलो होते.

दसरा झाल्यावर मी इथल्याच एका डॉक्टरांकडे गेले. ते आमच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून आम्ही अंबाजोगाईकर त्याचा उल्लेख छाती फुगवून करतो. त्यांनी रक्त-लघवीचे कागद बाजूला ठेवले आणि आधी खुर्ची पुढे ओढली. हात छातीवर बांधा आणि पाच वेळा उठा-बसा. आशियाई माणसांसाठी ठरवलेला निकष असा, की याला 12 सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर स्नायू दुबळे झाल्याचा संशय घ्यायचा. मला 17 लागले. मग हातात मूठ आवळायचं एक यंत्र दिलं. बाईची पकड 18 किलोच्या खाली गेली तर ती कमी धरतात, पुरुषाची 28 च्या खाली. माझा काटा 14 वर थांबला.

मावशी सोबत आल्या होत्या, दाराशी बसल्या होत्या. डॉक्टरांनी सहज म्हणून यंत्र त्यांच्यापुढे धरलं. "काय करायचं हे? पिळायचं?" "पिळा." काटा 26 वर गेला. डॉक्टर हसले. मावशींना वाटलं काही मोडलं की काय.

डॉक्टरांनी मला जे समजावलं ते विज्ञान शिकवणाऱ्या बाईला लाज आणणारं नव्हतं, उलट जुना विषय नव्यानं उघडणारं होतं. शरीराला खाणं कमी पडलं की ते साठ्यातून काढतं. साठा म्हणजे चरबी, हे आपण गृहीत धरतो. पण स्नायूसुद्धा साठाच आहे, प्रथिनांचा. पोटात प्रथिनं पडत नसतील आणि स्नायूंवर कामाचा भार नसेल, तर शरीर त्यांनाही मोडीत काढतं. कुठल्याही मार्गानं झपाट्यानं वजन उतरलं तरी हे होतं. या औषधांनी भूकच मरते म्हणून त्याकडे जास्त डोळे उघडे ठेवून बघावं लागतं. याच जातीच्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या 2021 सालच्या मोठ्या चाचणीत काही जणांच्या शरीराची क्ष-किरणांनी मोजणी केली होती. उतरलेल्या वजनातला सुमारे 40 टक्के वाटा चरबीचा नव्हता. टिर्झेपेटाइडच्या चाचणीत तोच वाटा सुमारे एक चतुर्थांश निघाला. या बिगर-चरबीच्या वाट्यात पाणी आणि इतर अवयवही येतात, म्हणजे तो सगळा स्नायू नव्हे, हेही त्यांनी लगेच सांगितलं. तेवढी नेमकी भाषा वापरणारा डॉक्टर मला आवडतो.

"आणि आपल्या लोकांकडे मुळात भांडवलच कमी असतं," ते म्हणाले. मग पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट निघाली. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघं शेजारी उभे, उंची-वजनाचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचाही 22.3. पण अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. पुण्याच्या आसपासच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5. आपली बाळं लहान, तरी चरबी मात्र त्यांनी राखलेली, आणि कमतरता आली ती स्नायूंत. मी शाळेत वर्षानुवर्षं वजनकाटा आणून पोरांची वजनं नोंदवली, तक्ते भरून तालुक्याला पाठवले. त्या तक्त्यांत हा रकानाच नव्हता.

मधुमेही माणसाला तर स्नायू अधिकच गरजेचे. जेवणानंतर रक्तात येणारी साखर सर्वांत जास्त उचलतो तो स्नायूच. तो घटला की साखर ठेवायची कुठे? आणि औषध थांबलं की वजन परत येतं. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात गेलेल्या वजनातलं दोनतृतीयांश परत आलं, असं त्याच चाचणीच्या पुढच्या भागात दिसलं. परत येताना चरबी आधी येते. गेलेला स्नायू आपण होऊन येत नाही, त्याला कामाला लावून आणावं लागतं. डेन्मार्कच्या एका अभ्यासात याच जातीचं जुनं औषध, लिराग्लुटाइड, काहींना नुसतं दिलं आणि काहींना व्यायामासोबत दिलं. व्यायामाच्या जोडीनं ज्यांनी घेतलं त्यांची चरबी सर्वांत जास्त उतरली, आणि औषध संपल्यावरही त्यांचं टिकलं.

"म्हणजे जिम?" मी विचारलं. माझ्या डोळ्यांपुढे बसस्टँडमागचा तो आरशांचा हॉल आला, जिथं माझे माजी विद्यार्थी दंड फुगवून फोटो काढतात.

"जिमच पाहिजे असं नाही. ओझं पाहिजे. हळूहळू वाढणारं."

रिक्षात मावशी म्हणाल्या, "ओझं उचलायचंच हाय, तर मी शिकविते की."

मावशींनी सतराव्या वर्षी कोयता धरला. आमच्याकडे कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्याला, आणि ती फिटेपर्यंत दोघांनी तोडायचं. नवरा तोडणार, बायको पाचट काढून, बांडी छाटून मोळी बांधणार, मग ती डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरला लावलेल्या फळीवरून वर चढणार. मोळी तीस-चाळीस किलोची. एक दिवस पडून राहिलं तर मजुरी बुडतेच, वर खाड्याचा दंड. पहाटे तीनला उठून भाकरी थापायच्या, दुपारी त्याच थंड भाकरी चटणीशी. इंजेक्शनाचं काम मी त्यांना समजावून सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भूक मारायला पैसं द्यायचं? आमी तर फडात मिश्री लावायचो, भूक मरावी म्हनून." माझं एका महिन्याचं औषध त्यांना चार घरांतून मिळणाऱ्या महिन्याच्या पैशांपेक्षा महाग आहे. हे त्यांना मी सांगितलं नाही. फ्रिजमधल्या खोक्यावर किंमत छापलेली असते आणि आकडे त्यांना वाचता येतात.

त्यांची गर्भाची पिशवी तिशीच्या आत काढली. पोटात दुखायचं, पाळीच्या दिवसांत फडात खाडा पडायचा, आणि कुणीतरी सांगितलं की काढून टाकली की कटकट जाईल. बीडच्या ऊसतोड बायकांची ही गोष्ट 2019 साली देशभर गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. जिल्ह्यात 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. मावशींची त्याच्या कितीतरी आधी गेली होती. सोबत अंडाशयंही काढली का, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि कागद पावसात भिजून गेले. अंडाशयं गेली की शरीराला हाडं आणि स्नायू राखायला मदत करणारं इस्ट्रोजेन एकदम आटतं. नैसर्गिक पाळी जाते पन्नाशीच्या आसपास, अंडाशयं काढली असतील तर यांचं ते वीस वर्षं आधीच झालं असणार, असं डॉक्टरांचं म्हणणं. मूठ 26 किलोची, आणि खुर्चीतून उठताना मात्र मावशींनाही 14 सेकंद लागले, ओठ दाबून.

मला त्या दिवसापासून एक हिशेब डोक्यातून जात नाही. स्नायू टिकायला तीन गोष्टी लागतात: भार, अन्न आणि विसावा. मावशींच्या वाट्याला भार इतका आला की बाकी दोन्हींना जागा उरली नाही. माझ्याकडे विसावा भरपूर, अन्न हात लांब केला की मिळणारं, आणि भार शून्य. दोघींचंही अंग झिजलं. पण मला ते भरून काढायची सोय होती आणि शिकवायला बाई घरातच होती.

शिकवणी अंगणात सुरू झाली. कापडी पिशवीत पाच किलो ज्वारी, तोंड सुतळीनं बांधलेलं. मी नेहमीसारखी कमरेतून वाकले, तशी मावशींनी पिशवीवर पाय ठेवला.

"आसं वाकलं की मणका मोडतो. पाय पिशवीच्या दोन बाजूंला. बसा खाली. अजून. बुड खाली सोडा. पिशवी पोटाशी वढा, आंगाला चिटकली पायजे. आता छाती वर, नजर समूर. श्वास धरा आन् मांड्यांनी उठा. हातानं उचलायचं न्हाई, हात निस्ते धरायला हायेत."

उठताना त्यांनी आपला तळवा माझ्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, सपाट ठेवला. तो तळवा करवतीसारखा खरखरीत आहे, उसाच्या पात्यांनी चिरून चिरून भरलेला. पाठ जराशी गोल झाली की तो आत दाबायचा. पाठ सरळ झाली की सैल पडायचा. तोंडानं त्या शेजारणीशी बोलत असायच्या. पुढे मी यूट्यूबवर पाहिलं, मोठमोठे प्रशिक्षक हीच उचल शिकवतात, फक्त ज्वारीऐवजी लोखंड असतं. छाती वर, नजर समोर, वजन अंगाजवळ, जोर मांड्यांतून. फळीवर चढताना मोळी हलली तर खाली पडून जीव जातो, म्हणून मावशी सतराव्या वर्षी हे आपल्या सासूकडून शिकल्या होत्या.

डोक्यावर घ्यायचं मात्र डॉक्टरांनी बंद केलं. या वयात मानेच्या मणक्यावर नको. मावशींना ते पटलं नाही. "डोक्यावर न घेता कसलं ओझं?" पण ऐकलं. पिशवी छातीशी धरून अंगणात फेऱ्या, पाटावरून हात न टेकता उठणं, आणि धुण्यातले टॉवेल पिळायचं काम माझ्याकडे. एक दिवसाआड. रोज मागितलं तर त्या नाही म्हणायच्या. "फडात रोज करायचो, म्हनून तर गुडघं गेलं." दर पंधरवड्याला किलोभर ज्वारी वाढायची, तीही अंदाजानं नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पिशवी काट्यावर ठेवून. दुकानदाराला वाटलं आम्ही रेशनची ज्वारी विकायला काढली.

खाण्याचं गणित त्याहून अवघड निघालं. आमचं घर माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही. डॉक्टरांनी मूत्रपिंडाचे कागद तपासून दिवसाला 80 ते 85 ग्रॅम प्रथिनं सांगितली. धडधाकट माणसाला किलोमागे 0.83 ग्रॅम पुरतात असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. वजन उतरत असताना ते सव्वाच्या घरात न्यावं लागतं. वाटीभर वरणात सहासात ग्रॅम, तेही घट्ट असलं तर. पातळ आमटीत काय, पिवळं पाणी. ज्याला भूकच लागत नाही त्यानं 80 ग्रॅम पोटात ढकलायचे कसे?

इथंही मावशींनी रस्ता काढला. त्यांचा नियम सोपा होता: ताटात डाळ-दुधाचं जे असेल ते आधी, भात-भाकरी शेवटी. पोट भरल्यासारखं वाटेल तोवर कामाचं आत गेलेलं असतं. उसळ नको वाटते ना, मग हुलग्याचं माडगं करून प्यायला द्यायच्या, जिरं-लसणाची फोडणी देऊन. ते घशाखाली उतरायचं. शेंगोळे करायच्या. दही टांगून चक्का. आणि सोयाबीन. आम्ही मराठवाड्यातले लोक शिवारच्या शिवार सोयाबीन पेरतो, मोंढ्यावर नेऊन भावासाठी रडतो, तेलाचा डबा विकत आणतो, पण ताटात सोयाबीन येत नाही. शंभर ग्रॅमला छत्तीस ग्रॅमच्या वर प्रथिनं असलेलं धान्य दारात असताना! मावशींनी ते भिजवून, उकडून, वाळवून दळणात घातलं. कच्चं घालायचं नाही, त्यानं पोट धरतं, हे त्यांना माहीत होतं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो आणि तो उष्णतेनं निकामी होतो, हे मला माहीत होतं. दोघींचं ज्ञान एका डब्यात गिरणीवर गेलं. भाकरी जरा खरपूस लागते, बाकी काही कळत नाही.

मी एकटी जेवायची ते बंद झालं. जेवण दोघींचं मांडायचं असं मी ठरवलं. मावशींनी आधी "घरी जाऊन खाईन" म्हणून टाळलं. मग मी शाळेतला आवाज काढला. त्यांच्या रक्ताच्या तपासण्या केल्या, हाडांची घनता मोजून आणली. हाडं ठिसूळ निघाली. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि आठवड्याची एक गोळी सुरू झाली. ती गोळी उपाशीपोटी पाण्यासोबत घेऊन अर्धा तास आडवं व्हायचं नसतं. "मी कवा आडवी व्हती सकाळी?" त्यांचा प्रश्न. हे मी त्यांच्यावर केलेले उपकार म्हणून सांगत नाही. इतकी वर्षं त्या माझ्या घरात वाकत होत्या आणि मला एकदाही त्यांच्या गुडघ्यांविषयी विचारावंसं वाटलं नव्हतं. ती चौकशी माझं टोक सुटलं म्हणून झाली.

शिकवणीचे पैसे त्या घेईनात. "ओझं उचलायला शिकवायचं पैसं आस्तेत व्हय?" पुण्यात तासाला हजार रुपये घेतात म्हटल्यावर त्यांना ती माझी थट्टा वाटली. नोव्हेंबरात मावशींचे मुलगा-सून कारखान्यावर जायला निघाले. नातवंडं गावात ठेवायची म्हणजे आजी घरी पाहिजे, म्हणून मावशींनी चारही घरं पाचसहा महिन्यांसाठी सोडली. सुनेला एकच ताकीद दिली, पोटात दुखलं तर आधी बाईंना फोन कर, कुणाचं ऐकून कुठं झोपू नको. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे उचल मागितली, पाच हजार. मी दहा द्यायला लागले, तर त्यांनी पाचच घेतले आणि उरलेले परत टेबलावर ठेवले. मुकादमाकडून आयुष्यभर जास्तीची उचल घेतलेल्या बाईला ती काय करते हे पक्कं ठाऊक असतं.

हंगामभर शिकवणी फोनवर चालली. रविवारी सकाळी घंटी वाजायची. मागे नातवंडांचा गोंगाट, कोंबड्या. पहिला प्रश्न तब्येतीचा नसायचा, "किती किलो?" असायचा, आणि विचारणा माझ्या वजनाची नसून पिशवीची असायची. माझं वजन 70 वर येऊन थबकलं तेव्हा मुलगा डोस वाढवायचं म्हणत होता. डॉक्टरांनी थांबवलं, कारण कंबर अजून आत जात होती आणि पकड वर चढत होती. फेब्रुवारीत ती 18 च्या वर गेली. मी मावशींना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग आता गोधडी पिळता येईल."

पाडव्यानंतर त्या परत आल्या. आल्या आल्या अंगणात पिशवी हातानं तोलून बघितली आणि भुवया चढवल्या. सतरा किलो म्हटल्यावर विश्वास बसेना. मला पुढे घालून दुकानात नेलं आणि काट्यावर ठेवायला लावली. साडेसोळा भरली. दुकानदार म्हणाला, पोरकिड्यानं खाल्ली असेल. मावशींनी त्याच्याकडूनच अर्धा किलो ज्वारी घेतली, पिशवीत ओतली, सुतळी बांधली, आणि पैसे माझ्या खात्यावर लिहायला सांगितले.